अ‍ॅडम्स घराण्यातल्या स्त्रिया

इसवी सन १८०० मधला नोव्हेंबर महिना. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केल्याला अवघी चोवीस वर्षं झाली होती आणि त्या देशाची राजधानी फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टन या नव्या गावी हलत होती. गाव कसलं, रानच ते! दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेलबाई नव्या घरी राहायला निघाल्या, तर वाटेत त्यांची गाडी जंगलात रस्ता चुकली. कशाबशा मुक्कामाला पोचल्या. ज्या घराला आज सारं जग व्हाइट हाउस म्हणून ओळखतं, तेच ते घर. परंतु तेव्हा त्यातली एकही खोली धड पुरी झालेली नव्हती. बाहेर कुंपण नाही, आवार नाही. भोवताली जंगल, तरी जळणाला लाकूड मिळेना. कारण तोडून वाहून आणायला माणूस मिळत नव्हता. धुणं वाळत घालायला जागा नाही. तेव्हा मोठमोठ्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधायला घेतलेलं जे भलंमोठं अर्धवट दालन होतं, त्यातच बाईंनी कपडे वाळत घालण्याची सोय केली.

ही हकिकत आपल्याला कशी कळली? अ‍ॅबिगेलबाईंनी आपल्या मुलीला पत्र लिहिलं म्हणून. आणि त्या पत्रात त्यांनी मुलीला बजावलं होतं की हे सारं तुझ्यापाशीच ठेव. कुणी विचारलं तर जागा सुंदर आहे एवढंच आईने लिहिलंय असं सांग, कारण तेवढं खरंच आहे!

पाहा, एका कुटुंबात दोन इतिहास कसे चालत असतात ते. एक चारचौघांत सांगायचा, दुसरा लेकीला पत्रातून कळवायचा. पहिला इतिहास पुरुषांच्या भाषणांत, कायद्यांत आणि तहांत नोंदला गेला. दुसरा स्त्रियांनी लिहिला, आणि तो जपला गेला तरच पुढच्यांच्या हाती आला. अ‍ॅडम्स घराण्यात तो पुष्कळसा जपला गेला. म्हणून आज त्या घरातल्या स्त्रियांची ओळख आपण करून घेणार आहोत.

हे घराणं मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टन शहराजवळच्या क्विन्सी गावचं. जॉन अ‍ॅडम्स १७९७ ते १८०१ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १८२५ ते १८२९ या काळात राष्ट्राध्यक्ष झाला. नातू चार्ल्स फ्रान्सिस तिकडच्या यादवी युद्धाच्या काळात लंडनला अमेरिकेचा वकील होता. पणतू हेन्री नामांकित इतिहासकार झाला. चार पिढ्या हे घर राजकारणात नाही तर राजकारणाच्या उंबरठ्यावर होतं. आणि या चारही पिढ्यांत घरातल्या एकाही बाईला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क नव्हता. तो हक्क अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मिळाला १९२० साली.

आता अ‍ॅबिगेलबाईंकडे वळू. त्या एका धर्मोपदेशकाच्या कन्या. जन्म १७४४चा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. घरच्या पुस्तकांवरच वाचायला शिकल्या. शुद्धलेखन आपल्याला नीट येत नाही याची खंत त्यांना जन्मभर होती. १७६४ साली जॉन अ‍ॅडम्स या तरुण वकिलाशी त्यांचं लग्न झालं. दहा वर्षांनी वसाहतींचा इंग्रज सरकारशी झगडा सुरू झाला आणि नवरा जो घराबाहेर पडला, तो जवळजवळ पुढची दहा वर्षं बाहेरच. आधी फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, आणि नंतर युरोपात.

मग शेत कुणी पाहिलं? बाईंनी. मजुरांची मजुरी, कुळांचे वायदे, गवताची कापणी, कराचा भरणा, मुलांचा अभ्यास, सारं त्यांच्याच शिरावर. १७७५ साली बंकर हिलची लढाई झाली, तेव्हा सात वर्षांच्या जॉन क्विन्सीचा हात धरून त्या घराजवळच्या टेकडीवर चढल्या आणि दूरवर उठलेला धूर मायलेकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. त्या वेळी आजची लस नव्हती. देवीच्या फोडातलाच अंश निरोग्याच्या अंगात घालून सौम्य देवी आणवायच्या, असा तो जिवावरचा उपाय. बाई चार मुलांना घेऊन बॉस्टनला गेल्या आणि त्यांनी स्वतःला नि मुलांना देवी काढून घेतल्या. तिकडे नवरा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात गुंतला होता, आणि इकडे त्याच जुलै महिन्यात मुलं तापाने फणफणत होती.

युद्धात महागाई भडकली. एका पत्रात बाईंनी कळवलं आहे की बॉस्टनमधल्या एका कंजूष व्यापाऱ्याने कॉफी कोंडून ठेवली आणि वाजवी भावाने द्यायला नकार दिला. शंभरावर बायका हातगाड्या घेऊन त्याच्या वखारीवर चालून गेल्या. किल्ल्या देईना, तेव्हा एकीने त्याची मानगूट धरली, बाकीच्यांनी त्याला गाडीत टाकला, किल्ल्या काढून घेतल्या, कॉफी भरली आणि निघून गेल्या. पुरुष मंडळी नुसती बघत उभी राहिली! आपल्या बाजारच्या गावी शोभेल अशीच ही गोष्ट. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या गोष्टींत शाळेतल्या मुलांना ती सहसा ऐकायला मिळत नाही.

परंतु ही सारी जबाबदारी पेलणाऱ्या बाईचं कायद्यात स्थान काय होतं? तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याहून वेगळं अस्तित्वच नव्हतं. माहेरचा पैसा असो की स्वतःच्या कष्टाचा असो, तो नवऱ्याचा. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. म्हणून ३१ मार्च १७७६ रोजी अ‍ॅबिगेलबाईंनी नवऱ्याला लिहिलं की आता तुम्ही नवे कायदे करणार, तर त्यांत बायकांची आठवण ठेवा; नवऱ्यांच्या हाती बेसुमार सत्ता देऊ नका. जॉन अ‍ॅडम्स यांनी उत्तर धाडलं, त्याचा मथितार्थ असा की तुझा हा विलक्षण कायदा वाचून मला हसू आवरत नाही.

बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी आपल्या विदुषी मैत्रिणीला, मर्सी ओटिस वॉरन यांना, लिहिलं की आपण दोघींनी मिळून काँग्रेसकडे अर्जच करावा का? तो अर्ज कधी गेला नाही. पण या अर्जाची गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे आपल्याला लागणार आहे.

कायद्याने दार लावलं, तेव्हा बाईंनी खिडकी शोधली. नवरा युरोपातून रुमाल, फिती, असलं किरकोळ सामान पाठवी. बाई ते इथे विकवून घरखर्च भागवीत. उरलेल्या पैशातून त्यांनी सरकारी रोखे घेतले. जॉन अ‍ॅडम्स यांचा सारा ओढा जमिनीकडे. बाईंचा हिशेब असा की जमिनीपेक्षा रोख्यांचं उत्पन्न अधिक. हिशेब बाईंचाच खरा ठरला. मात्र व्यवहार करायचा तो नात्यातल्या एका विश्वासू गृहस्थाच्या हातून. तरीसुद्धा या पैशाला त्या आपला पैसा समजत. १८१६ साली त्यांनी चक्क मृत्युपत्र केलं! कायद्याने ज्या बाईच्या मालकीचं काहीच नव्हतं, तिने आपली पुंजी वाटून दिली. आणि ती बहुतेक सारी नाती, भाच्या, पुतण्या, सुना आणि घरच्या मोलकरणी यांना. दोन वर्षांनी बाई वारल्या. कोर्टात ते मृत्युपत्र टिकलं नसतं. पण एके काळी हसलेल्या त्या नवऱ्याने ते बायकोची इच्छा म्हणून पुरं केलं.

इथे आणखी एका बाईचं नाव घ्यायला हवं. फीबी तिचं नाव. अ‍ॅबिगेलबाईंच्या वडिलांच्या घरी ती गुलाम होती. १७८३ साली ते वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने तिला मोकळीक मिळाली. पुढच्या वर्षी अ‍ॅबिगेलबाई नवऱ्याकडे युरोपात गेल्या, तेव्हा अ‍ॅडम्सांचं घर सांभाळलं ते फीबीने आणि तिच्या नवऱ्याने. तिच्या हातची पत्रं आपल्यापाशी नाहीत. ती आपल्याला दिसते ती मालकिणीच्या पत्रांतून. म्हणजे ज्या घरात स्त्रियांचं लिहिणं जपलं गेलं, त्या घरातसुद्धा सगळ्याच स्त्रियांचं जपलं गेलं नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट सांगतो. १७९७ साली बाईंच्या घरी जेम्स नावाचा काळा मुलगा कामाला होता. त्याला लिहायला-वाचायला बाईंनी स्वतः शिकवलं होतं आणि नंतर त्याला गावातल्या रात्रीच्या शाळेत घातलं. एक शेजारी तक्रार घेऊन आला की हा मुलगा येत राहिला तर बाकीची मुलं शाळा सोडतील. बाईंनी विचारलं, त्याने काही गैर वागणूक केली आहे का? नाही. मग केवळ चेहरा काळा म्हणून त्याला शिक्षण नाकारायचं? तो शिकला नाही तर पोट कसं भरणार? शेजारी निरुत्तर झाला आणि जेम्स शाळेत जात राहिला.

अ‍ॅबिगेलबाईंची थोरली लेक हीसुद्धा अ‍ॅबिगेलच, पण घरात तिला नॅबी म्हणत. व्हाइट हाउसचं ते पत्र हिलाच आलं होतं. तिचं लग्न झालं ते बापाच्या कचेरीतल्या एका रुबाबदार लष्करी अधिकाऱ्याशी. नवरा भपक्याचा शौकीन आणि सट्ट्याच्या व्यवहारात कायम बुडालेला. पुढे नॅबीच्या स्तनात गाठ आली. १८११च्या ऑक्टोबरात क्विन्सीच्या घरीच तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. गुंगीचं औषध वापरून शस्त्रक्रिया करण्याचा सुप्रसिद्ध जाहीर प्रयोग बॉस्टनमध्ये व्हायला अजून पस्तीस वर्षं अवकाश होता. म्हणजे ती बाई पूर्ण शुद्धीवर होती. थोडे दिवस बरं वाटलं आणि दुखणं उलटलं. १८१३च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या राज्यातल्या आपल्या घरून, खडबडीत रस्त्यावरून घोडागाडीत धक्के खात ती शेकडो मैल प्रवास करून माहेरी आली, ती मरायलाच. आईबापांच्या डोळ्यांदेखत तिने प्राण सोडला. राष्ट्राध्यक्षाची लेक म्हणून तिच्या वाट्याला काही वेगळं आलं नाही. माहेर तेवढं शेवटपर्यंत उघडं राहिलं.

आता घरात येते सून. लुइझा कॅथरीन. वडील अमेरिकेतल्या मेरीलँडचे व्यापारी, आई इंग्रज, जन्म लंडनचा, साल १७७५. परदेशात जन्मलेली राष्ट्राध्यक्षाची पत्नी ही तोपर्यंत कुणी झाली नव्हती आणि पुढे थेट २०१७पर्यंत दुसरी झाली नाही. १७९७ साली जॉन क्विन्सीशी लग्न झालं आणि पाठोपाठ वडिलांचं दिवाळं निघालं. देणेकरी जावयाच्या दारी येऊ लागले. जाणूनबुजून आपल्याला गळ्यात बांधलं असं नवऱ्याला वाटेल, हा सल त्या मानी मुलीच्या मनातून कधी गेला नाही.

१८०१ साली लुइझाबाई पहिल्यांदा अमेरिकेत सासरी आल्या. पोशाख वेगळा, जेवण वेगळं, बोलणं वेगळं. आपण भलत्याच जगात येऊन पडलो असं त्यांना झालं. सासू कर्तबगार, लोणी काढण्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यात निष्णात. आणि सून फ्रेंच बोलणारी, गाणारी, वीणेसारखं हार्प वाजवणारी. सासूच्या मनात ही नाजूक मुलगी इथे कशी निभावणार अशी शंका! सासर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायांना वेगळं सांगायला नको.

खरा घाव १८०९ साली बसला. जॉन क्विन्सी यांची रशियात वकील म्हणून नेमणूक झाली. थोरले दोघे मुलगे, आठ वर्षांचा जॉर्ज आणि सहा वर्षांचा जॉन, यांना शिक्षणासाठी मागे ठेवायचं असं नवऱ्याने नि सासरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. आईला विचारलं नाही, सांगितलं. दोन वर्षांचा चार्ल्स तेवढा बरोबर आला. मुलांची भेट झाली ती सहा वर्षांनी. मध्यंतरी पीटर्सबर्गला एक मुलगी झाली आणि ती वर्षाची होते न होते तोच दगावली. तिला त्या परक्या थंड मातीत ठेवावं लागलं.

१८१४ साली इंग्लंडशी तहाची बोलणी करायला जॉन क्विन्सी बेल्जियमकडे गेले आणि पुढे त्यांनी पत्नीला कळवलं, घर मोडून पॅरिसला ये. १२ फेब्रुवारी १८१५ हा लुइझाबाईंचा चाळिसावा वाढदिवस. त्याच संध्याकाळी त्या ऐन बर्फात निघाल्या. बरोबर सात वर्षांचा चार्ल्स, एक दाई आणि दोन नोकर. पल्ला सुमारे ३२०० किलोमीटरांचा. बर्फावरून घसरत जावी म्हणून गाडीला खाली पट्ट्या लावलेल्या. पुढे बर्फ संपल्यावर चाकं लावली. वाटेत एका गावी लोकांनी सांगितलं की पुढच्या रस्त्यावर कालच खून झाला आहे. शिवाय तुमचा एक नोकर लबाड आहे, जपून राहा. बाई थांबल्या नाहीत. बर्फ वितळू लागलेली नदी पार करताना माणसं पुढे काठ्या आपटत, बर्फ पेलेल की नाही हे पाहत चालली होती. नेपोलियनच्या लढाईचं जुनं रणांगण लागलं, तिथे माणसांची हाडं अजून उघडी पडलेली होती.

एवढ्यात बातमी आली की नेपोलियन कैदेच्या बेटावरून निसटून फ्रान्समध्ये परत आला! दोन्ही नोकर घाबरून पळाले. बाईंनी एका चौदा वर्षांच्या पोराला नोकरीला ठेवलं. फ्रान्समध्ये सैनिकांच्या झुंडीने गाडी अडवली. गाडी रशियन बनावटीची, म्हणजे शत्रूची! ओढून बाहेर काढा, मारून टाका, असा गिल्ला सुरू झाला. बाईंनी शांतपणे परवाना दाखवला, आपण अमेरिकन आहोत हे पटवलं, खिडकीतून रुमाल हलवला आणि अस्खलित फ्रेंचमध्ये नेपोलियनचा जयजयकार केला. झुंड निवळली. २३ मार्चला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, त्या पॅरिसमध्ये नवऱ्याच्या बिऱ्हाडी सुखरूप उतरल्या.

श्रोतेहो, हा पराक्रम एखाद्या सरदाराने केला असता तर त्याचे पोवाडे झाले असते. लुइझाबाईंनी स्वतःच तो १८३६ साली लिहून काढला. बायका समजल्या जातात तितक्या दुबळ्या नसतात हे कुणाला तरी कळावं, एवढाच त्यांचा हेतू. तो मजकूर छापून आला १९०३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एक्कावन्न वर्षांनी.

पुढे जॉन क्विन्सी परराष्ट्रमंत्री झाले. राष्ट्राध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता, पण मतं मागायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग ते काम कुणी केलं? बाईंनी. घरोघरी भेटी द्यायच्या, कुणाकडे आधी जायचं याचा मान राखायचा, संध्याकाळी आपल्या घरी मंडळी जमवायची. ८ जानेवारी १८२४ रोजी त्यांनी दिलेल्या मेजवानीला सुमारे हजार माणसं आली होती. पुढच्या वर्षी नवरा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या मोठ्या घरात बाई अगदी एकट्या पडल्या. मागे ठेवलेल्या दोन मुलांपैकी जॉर्ज १८२९ साली आगबोटीवरून समुद्रात पडून गेला. जॉन १८३४ साली गेला. त्यांना मागे ठेवल्याचं दुःख आईच्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा वर येतं. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो: ‘जी कुणीच नव्हे, तिची साहसं’.

आता तो राहिलेला अर्ज. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर जॉन क्विन्सी लोकांतून निवडून प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, आले. गुलामगिरीविरुद्ध हजारो अर्ज तिथे येऊ लागले, आणि त्यांतल्या कितीतरी अर्जांवर बायकांच्या सह्या होत्या. मताचा हक्क नसलेल्या बाईला सरकारशी बोलायचा तेवढाच एक मार्ग. सभागृहाने हे अर्ज विचारात न घेण्याचा नियमच केला. एक सभासद तर म्हणाला की बायकांनी घरची कामं सोडून असल्या भानगडीत पडू नये. १८३८च्या उन्हाळ्यात सत्तरीच्या जॉन क्विन्सींनी दिवसामागून दिवस उभं राहून उत्तर दिलं की अर्ज करण्याचा हक्क बायकांनाही आहे आणि राज्याच्या कारभाराशी त्यांचाही संबंध आहे. त्याच वर्षी लुइझाबाईंचा पत्रव्यवहार सारा ग्रिमके यांच्याशी चालू होता. या सारा ग्रिमके म्हणजे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी निर्भयपणे लिहिणाऱ्या बाई. सासूने १७७६ साली मनात आणलेला अर्ज बासष्ट वर्षांनी मुलाच्या तोंडून जणू सभागृहात वाचला गेला. अर्ज अडवणारा तो नियम १८४४ साली उठला.

लुइझाबाई १८५२ साली वारल्या, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेसाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी काम तहकूब केलं. एका स्त्रीसाठी असं तिथे पूर्वी कधी घडलं नव्हतं. जी स्वतःला ‘कुणीच नव्हे’ म्हणत आली, तिला मरणाने हा मान दिला.

शेवटची ओळख पणतसुनेची. मॅरियन हूपर, लाडाचं नाव क्लोव्हर. जन्म १८४३, बॉस्टनच्या सधन घरात. आई लहानपणीच गेली. डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या वडिलांनी वाढवलं. अ‍ॅबिगेलबाईंना शाळा मिळाली नव्हती. हिला उत्तम शाळा मिळाली, ग्रीक भाषाही ती शिकली. १८७२ साली हेन्री अ‍ॅडम्सशी लग्न झालं. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या समोरच्या चौकात त्यांचं बिऱ्हाड. मंत्री, वकील, विद्वान यांची तिथे रोज ऊठबस. क्लोव्हर दर रविवारी वडिलांना पत्र लिही, आणि त्या पत्रांत राजधानीतल्या बड्या मंडळींची अशी झणझणीत हजेरी घेतलेली असे की वाचणाऱ्याला आजही हसू फुटावं.

१८८३ साली तिने कॅमेरा घेतला. तेव्हाचं छायाचित्रण म्हणजे काचेच्या तावदानांवर रसायनांचा खटाटोप. कुठल्या चित्राला किती सेकंद उजेड दिला, काय चुकलं, याची टिपणं ती वहीत लिहून ठेवी. तिने काढलेलं वृद्ध इतिहासकार बँक्रॉफ्ट यांचं छायाचित्र एका नामांकित मासिकाला छापायचं होतं. हेन्रीने नकार कळवला. घरंदाज बाईचं नाव असं छापून यावं, हे त्याला रुचलं नाही. १८८५च्या एप्रिलमध्ये वडील वारले, आणि रविवारची पत्रं थांबली. क्लोव्हरचं मन खोल अंधारात गेलं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, तोही रविवारच, तिने स्वतःच्या हाताने जीवन संपवलं. वय बेचाळीस. अशा मृत्यूचं एकच एक कारण काढून दाखवणं बरोबर नव्हे. मनाचा आजारही आजारच असतो, आणि त्या काळी त्यावर धड उपचार नव्हता.

हेन्रीने पुढे आपलं जगप्रसिद्ध आत्मचरित्र लिहिलं. त्यात थोरल्या बहिणीच्या मृत्यूचं हृदय हेलावणारं वर्णन आहे. पण १८७१ नंतर कथा एकदम वीस वर्षं ओलांडून १८९२वर येते. बायकोचं नावसुद्धा त्यात नाही. वॉशिंग्टनच्या स्मशानभूमीत त्याने तिच्या थडग्यावर सेंट-गॉडेन्स या थोर शिल्पकाराकडून काशाची मूर्ती करवून घेतली. डोक्यावरून वस्त्र घेतलेली, डोळे मिटून बसलेली. तिच्यावरही नाव नाही, अक्षर नाही. हे दुःखाचं मौन होतं, यात संशय नाही. पण त्या मौनात क्लोव्हर पुसली गेली असती. वाचली ती वडिलांनी ठेवलेल्या पत्रांमुळे. ती १९३६ साली पुस्तकरूपाने आली. तिची छायाचित्रं आज बॉस्टनच्या इतिहास संस्थेत, घराण्याच्या कागदपत्रांशेजारीच जपून ठेवलेली आहेत.

क्लोव्हर गेली त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १८८६ मध्ये, फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिथे पोचल्या. रमाबाई जवळजवळ तीन वर्षं त्या देशात हिंडल्या. बॉस्टनमध्येच त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था निघाली. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या शिक्षणाचं, संस्थांचं त्यांना कौतुक आहे. पण हक्कांच्या बाबतीत तिथेही स्त्रीला किती झगडावं लागतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. पाण्याने भरलेला हंडा दुरून सारखाच दिसतो. जड किती, ते डोक्यावर घेणारीलाच कळतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत बाळगण्याचा आणि मृत्युपत्र करण्याचा कायदा झाला १८५५ साली. अ‍ॅबिगेलबाईंच्या मृत्युपत्रानंतर एकोणचाळीस वर्षांनी! मताचा हक्क आला १९२०मध्ये. लुइझाबाईंच्या रोजनिश्या आणि आत्मचरित्र संपूर्ण स्वरूपात छापले गेले २०१३ साली. कायदा उशिरा आला, छापखाना त्याहून उशिरा आला. कागद मात्र वेळेवर लिहिला गेला होता. अ‍ॅबिगेलबाई नवऱ्याला सांगत असत की माझी पत्रं जाळून टाका. जॉन अ‍ॅडम्स यांनी जाळली नाहीत. त्यांच्या कायद्यात बायकोची आठवण राहिली नाही, पण पेटीत राहिली. नवराबायकोची मिळून अकराशेवर पत्रं आज शिल्लक आहेत.

आता आपल्या गावाकडे पाहा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजीने माहेरी धाडलेलं एखादं कार्ड असेल, दुधाच्या हिशेबाची वही असेल, दुष्काळात काय विकलं याची नोंद असेल. जिला लिहिता येत नव्हतं तिच्या ओव्या आणि आठवणी कुणाच्या तरी तोंडी असतील. फीबीसारख्या कितीतरी जणी आपल्याकडेही आहेत. शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपाशी बसवा. तिचं नाव, माहेरचं नाव, गाव, लग्नाचं साल, तिने केलेली कामं, तिने पाहिलेला दुष्काळ नि पूर, हे सारं तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यायला लावा, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. कपाटाला किल्ली असेल, तर दर उन्हाळ्यात वही उन्हात ठेवायलाही कुणाला तरी सांगून ठेवा; कारण वाळवी कुणाची भीड धरीत नाही.